माझ्या सहीचा तुझा कूजा

सेतू, तू गेल्याचं कळलं तेव्हा मी टी-स्क्वेअर पुसत होतो. टाइम ऑफिसातल्या माणसाने दारातूनच सांगितलं, "प्रेस शॉपचा सेतुमाधवराव, सार. पहाटे गेला." मी फडकं खाली ठेवलं. तेव्हा मनात पहिलं जे आलं ते आधी लिहून टाकतो, कारण नुसतं चांगलं तेवढंच लिहायचं तर ते माझ्याच्याने होणार नाही. मनात आलं, याही बाबतीत हा माझ्या पुढे गेला. मग रडू आलं, तेही खोटं नव्हतं. पण ते नंतर आलं.

तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मुदलाळींनी मला वर बोलावलं. तुम्ही सगळे मालकांना मुदलाळी म्हणता म्हणून मीही म्हणायला लागलो, ते आता जिभेवर बसलंय. त्यांच्या टेबलावर एक छापील अर्ज होता. दिल्लीला घरगुती वापराच्या देशी वस्तूंचं प्रदर्शन भरणार आहे, आणि आपल्या गिंडीच्या कारखान्याचा कूजा, ते प्रवासातलं पाण्याचं भांडं, त्यात निवडला गेलाय. प्रत्येक वस्तूपुढे एक पाटी असणार, आणि त्या पाटीवर ती वस्तू ज्याला सुचली त्याचं नाव. अर्ज दहा दिवसांत नुंगंबाक्कमच्या कचेरीत पोचवायचा. "तुमचंच नाव, मिस्टर भास्कर," मुदलाळी म्हणाले. "ड्रॉइंगवर सही तुमचीच आहे."

सही माझी आहे, हे खरंच. कूजा तुझा आहे, हेही खरं. आणि हे दुसरं ज्यांना ठाऊक होतं अशी दोनच माणसं होती. त्यातलं एक आता राहिलेलं नाही.

मी अर्ज घेतला, घडी करून खिशात घातला, आणि खाली येऊन तुझ्यावर चिडलो. इतकी वर्षं चिडायची सवय. ती माणूस गेल्याने लगेच सुटत नाही.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा माझ्या खोलीत आलास ते? इंडस्ट्रियल इस्टेट तेव्हा नवी होती, रस्त्यांवर लाल माती, झाडं गुडघ्याएवढी. मी साताऱ्याहून डिप्लोमा घेऊन आलेला, ड्रॉइंग ऑफिसात माझ्या डोक्यावर माझा स्वतःचा पंखा. तू खालच्या प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवायचास. दारात उभा राहिलास, हातातल्या कापसाच्या बोळ्याने बोटं पुसत, आणि म्हणालास, "तुम्ही मराठी की? मज ते ड्रॉइंग दाखवाल का? हात पुसून आलोंय."

मी हसलो. मद्रासमध्ये अचानक मराठी कानावर पडलं याचा आनंद झाला होता, पण हसलो ते वेगळ्या कारणाने. "हे मराठी कुठलं? बखरीतलं का?" असं मी विचारलं.

तू म्हणालास, "आमच्या घरातल. तंजावरास आलो तेव्हा जे आणल तेच वापरतों. अडीचशे वर्ष झाल, नवी कोणी पाठवली नाही."

तू रागावला नाहीस. मीच चिडलो, कारण मी विनोद केला होता आणि तुझं उत्तर माझ्या विनोदापेक्षा चांगलं होतं. आपलं नातं त्या मिनिटालाच ठरलं असं मला आता वाटतं. मी वरच्या जागेवरून काहीतरी बोलायचं, आणि तू खाली उभा राहून त्याहून बरं बोलायचं.

त्या काळात मी परदेशी मासिकं वाचायचो. मूर मार्केटमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणायचो. गुळगुळीत कागद, त्यावर खुर्च्या, दिवे, रेडिओ. मला वाटायचं, नवं काही सुचायचं असेल तर ते तिकडूनच येणार. भविष्य म्हणजे अशी एक जागा, जिथे सगळं पांढरं असतं आणि कशालाच कोपरे नसतात. मी ती चित्रं तुला दाखवायचो. तू ती बघायचास, अगदी मन लावून बघायचास, आणि मग डब्यातला दहीभात संपवून त्या डब्याचं झाकण उलटसुलट करत बसायचास. मिनिटभर, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मला वाटायचं याला काही कळत नाही. एक दिवस न राहवून विचारलं, त्या झाकणात काय आहे एवढं?

"हे उघडाया दोन हात का लागतात, ते पाहतों."

संध्याकाळपर्यंत तू एका हाताने उघडणारं झाकण करून दाखवलंस. काही खास नाही, कडेला एक पन्हळ, अंगठा बसेल एवढी. अजून आपण तेच झाकण बनवतो. त्या रात्री जेवताना माझ्या डब्याचं झाकण मी दोन हातांनी उघडलं आणि माझा मलाच राग आला. दहा वर्षं ते झाकण मी उघडत होतो. माझ्या हाताला काही दिसलं नव्हतं.

कॉफीच्या पेल्यावरून तू मला दिलेला धडा मी विसरलेलो नाही. इस्टेटच्या कँटीनमध्ये मी पेला मधोमध धरला आणि बोटं भाजली. तू हसू आवरून म्हणालास, "तेथ नाही. कडेस धरा." पेल्याची ती बाहेर वळलेली कड मला तोपर्यंत नक्षी वाटत होती. तू सांगितलंस की गरम पेला तिथे धरायचा, ओठ न लावता वरून कॉफी तोंडात सोडताना धार त्या कडेवरून सुटी पडते, आणि उरलेली कॉफी खालच्या वाटीत, डबऱ्यात, ओतताना खाली ओघळत नाही. "कड म्हणजेच पेला, भास्करराव. बाकीचा तिला आधार." मी मान हलवली. मला ते पाठ झालं, पण समजलं नव्हतं. हे पुढे सिद्ध झालंच.

माझ्या कूज्याची गोष्ट तू कधी कुणाजवळ काढली नाहीस. आज मीच काढतो.

आमच्याकडे प्रवासाला फिरकीचा तांब्या न्यायची पद्धत. तुमच्याकडे त्याचा हा उंच भाऊ, वर कडी, फिरकीचं झाकण, गाडीत सगळ्या घराला पुरेल एवढं पाणी. मुदलाळींना अॅल्युमिनियमचा नवा कूजा काढायचा होता, आणि काम माझ्याकडे आलं. तीन आठवडे मी ड्रॉइंगच्या फळ्यापासून हललो नाही. गळ्याशी एकच लांब वळण, कुठेही सांधा दिसत नाही, आणि झाकण म्हणजेच पेला. त्या पेल्याची कड मी आत वळवली होती. बाहेर वळलेली कड मला गावंढळ वाटायची. आत वळवल्यावर ती त्या मासिकांतल्या चित्रांसारखी दिसत होती, गोल, शांत, नवी.

तू ड्रॉइंग पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग एवढंच म्हणालास, "ह्यातून वरून पाणी कस प्यायाच?"

मी म्हणालो, "ओठ लावून. पुढच्या जगात लोक ओठ लावून पितील, सेतू."

तू "सरि" म्हणालास आणि खाली गेलास. तुझ्या तमिळ "सरि"चा अर्थ ठीक आहे असा होतो, एवढं तमिळ तेव्हा मला येत होतं. त्यातलं बाकीचं मला ऐकू आलं नाही.

पुढचं जग यायच्या आधी मद्रासचे लोक गाडीत बसले. एका कूज्यातून आठ माणसं पितात, आजीपासून नातवापर्यंत, आणि कुणाचा ओठ भांड्याला लागत नाही. लागला तर ते एच्चिल, आमचं उष्टं. सातारकराला हे माहीत नव्हतं असं नाही, पण कड कुठल्या कामाची असते हे त्याला दाखवूनही कळलं नव्हतं. माझ्या सुंदर आतल्या कडेवर धार अडायची, फुटायची, आणि हनुवटीवरून थेट सदऱ्यात. दुकानदारांनी माल परत पाठवला. पोत्यांतून परत आला, सेतू, आणि माझ्या खिडकीखाली उतरवला गेला. मी खिडकी लावून घेतली.

तू "मी म्हटलं होतं" असं म्हणाला असतास तर मी तुला माफ केलं असतं. तू काय केलंस? पोत्यातला एक पेला घेतलास, घरी नेलास, दुसऱ्या दिवशी मुदलाळींना जाऊन म्हणालास की हा दाढीचा मग म्हणून विका, आत वळलेल्या कडेला ब्रश पुसला की साबण बाहेर सांडत नाही. सगळे खपले. अजून मागणी येते. माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी वस्तू म्हणजे तू दाढीचा मग केलेली माझी चूक. त्यामुळे माझी नोकरी राहिली, हे मला माहीत आहे, आणि त्यासाठी मी तुझे आभार मानले नाहीत. उलट आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. माझ्या बायकोने विचारलं, "त्यांनी तुमचं वाचवलं ना?" मी म्हणालो, म्हणूनच.

आता तो रविवार. मरीनावर आपण वाळूत बसलो होतो, तुझी मुलगी शिंपले वेचत होती. तेव्हा सगळीकडे रॉकेटच्याच गप्पा. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा लोक अंतराळात जाऊन येत होते. मला वाटलं, हा विषय माझा. मी मासिकांत वाचलेलं सगळं तुला सांगितलं, वजन नाहीसं कसं होतं, माणूस कसा तरंगतो. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मग तेथ माणूस पाणी कस पील?"

"कसं म्हणजे?"

"वरून ओतायाच तर पडल पाहिजे. पडतच नाही म्हणता."

मी म्हणालो की पाणी ते पाणी, ते खालीच येणार.

"खाली कोठ?"

मी वाळू झटकली आणि म्हणालो, तू उगाच फाटे फोडतोस, पाणी म्हणजे पाणी. तू म्हणालास की ते हवेत गोळा होऊन राहील, लाडवासारखं. मी म्हणालो, अशक्य. हा वाद आपण पुढे वर्षभर घातला, कँटीनमध्ये, पगाराच्या रांगेत, एकदा तर मुदलाळींच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत. तुझं बरोबर होतं. ते मला त्याच रविवारी कळलं होतं. नंतर एका मासिकात तसं छापूनही आलं, आणि तो अंक तेवढा मी तुला दाखवला नाही.

पण तुझं डोकं वादात नव्हतं. तू वाळूवर रेघोट्या ओढत म्हणालास की रॉकेटात जाणारा माणूस आणि तंजावरच्या गाडीत बसलेली माझी आई, दोघांची अडचण एकच. गाडी हलते, धार हलते, पाणी तोंडात पडत नाही. वरून पडण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि ओठही लावायचा नाही. "जो रॉकेटातल्या माणसास पाणी पाजील, तो माझ्या आईसही पाजील." मी हसलो. रॉकेट आणि तुझी आई एका वाक्यात बसवणारा मद्रासमध्ये तूच एक.

मंगळवारी तू पपईचा देठ घेऊन माझ्या खोलीत आलास. पोकळ देठ, लहानपणी आपण सगळ्यांनीच त्याच्याशी खेळलोय. तो माझ्या पाण्याच्या भांड्यात बुडवलास, वरच्या टोकावर अंगठा दाबलास आणि बाहेर काढलास. पाणी आतच राहिलं. अंगठा उचललास, धार सुटली. दाबलास, थांबली. माझ्या ड्रॉइंगवर पाणी सांडलं आणि तुझं लक्षच नव्हतं, तुझा चेहरा नुसता उजळला होता. पुढच्या आठवड्यात तू दुधाच्या पावडरीच्या डब्याला कान आणि बारीक तोटी डाख देऊन जोडून तुझा पहिला कूजा केलास. झाकणाला एक भोक. त्यावर बोट ठेवलं की तोटीतून थेंब नाही, बोट उचललं की सरळ बारीक धार, हवी तेवढी, हवी तिथे. गाडी कितीही हलो.

माणसाला एखादी गोष्ट सुचते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. एक पपईचा देठ, एक म्हातारी बाई आणि एक रॉकेट. तिन्ही गोष्टी माझ्याकडेही होत्या. देठ माझ्याच घराच्या परसात होता. रॉकेटची माहिती तर मीच पुरवली होती. सेतू, मी तुझा हेवा करत होतो असं म्हणणं फार सौम्य आहे. त्या दिवशी तू तो पावडरीचा डबा माझ्याकडे विसरून गेला असतास, आणि सगळ्यांना तो माझाच वाटला असता, तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तू विसरला नाहीस, पण तो माझ्याकडे ठेवून गेलास. "तुम्ही नीट काढा," म्हणालास. मी नीट काढला. मापं घातली, तोटीचा कोन ठरवला, कान हाताला बसेल असा केला. ते माझं काम, आणि ते चांगलं झालं, हे मी आजही म्हणेन. मग शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातले रकाने भरायला लागलो. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. ज्याला सुचलं त्याच्यासाठी रकाना नसतो. मी पहिल्या रकान्यात माझी सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. ड्रॉइंग मीच काढलं होतं.

खोटं पुढे झालं. मुदलाळी ड्रॉइंग घेऊन खाली प्रेस शॉपमध्ये आले, सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिस्टर भास्कर, शेवटी तुम्हाला आमची माणसं समजली." पोत्यांतून माल परत आल्यापासून मी याच वाक्याची वाट पाहत होतो. तू चार पावलांवर होतास, डायला तेल लावत. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "थँक यू, सार."

तीन शब्द. त्यांच्यामागून चौथा शब्द, तुझं नाव, येऊ शकलं असतं.

मग मी तुझ्या रागाची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तू वर आलास तेव्हा मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. रकान्यांचं, पद्धतीचं, डिप्लोम्याचं. तू खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "भास्करराव, छत्री मिटताना बोट का चिमटत, पाहिलात का?" मला वाटलं तू मला छळतोयस. मला वाटलं हा संधी साधतोय, एक दिवस चारचौघांत काढेल. सहा वर्षं मी तो दिवस येईल म्हणून सावध राहिलो. एग्मोर स्टेशनवर लोक आपल्या कूज्याने पाणी पिताना दिसले की मी दुसरीकडे बघायचो. कुणी कौतुक केलं की विषय बदलायचो. जे चोरलं त्याचंसुद्धा सुख मला घेता आलं नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी सैदापेटला तुझ्या घरी गेलो. अर्ज खिशात होता, आणि मी अजून काही ठरवलेलं नव्हतं. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की मेलेल्या माणसाला पाटी काय करायची. मला ती हवी होती, सेतू. माझा मुलगा आता मोठा झालाय, त्याला दिल्लीला नेऊन ती पाटी दाखवावी असं मी घरी बोलूनही बसलो होतो.

तुझ्या बायकोने, पद्मावहिनींनी, कॉफी दिली. त्यांचे भाऊ बाहेर कुणाशी तरी बोलत बसले होते. मी पेला कडेला धरला आणि सगळं सांगून टाकलं, मरीनापासून "थँक यू, सार"पर्यंत. त्या माझं संपल्यावर म्हणाल्या, "कोणता कूजा?"

मला वाटलं त्या दुःखात आहेत, नीट ऐकलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. त्या आत गेल्या आणि एक जुना पितळी कूजा घेऊन आल्या, पोचे पडलेला, फिरकी झिजलेली. "आमच्यात हाच आहे," म्हणाल्या. "कारखान्यातल त्यानी घरी काही ठेवल नाही. एक वस्तू झाली की त्यांस तिचा कंटाळा येतो. पुढची सुरू. आता दोन महिने छत्री चालली होती. घरातल्या तिन्ही मोडून ठेवल्यात."

"आणि कूज्याचं? कधी काही म्हणाला नाही? माझ्याबद्दल?"

त्यांनी थोडा विचार केला. "एकदा म्हणाले. शेजारच्या मामी तो घेऊन आल्या होत्या, हा तुमच्या कारखान्याचा का म्हणून. तेव्हा म्हणाले, भास्कररावनी केलाय. त्यात एक भोक माझ."

मी पेला खाली ठेवला. एक भोक. ते भोक काढलं तर त्या कूज्यात उरतं काय? आणि तू ते असं सांगितलंस, शेजारणीला, गंमत म्हणून, आणि परत छत्री मोडायला बसलास. सहा वर्षं मी तुझ्यापासून जे लपवून ठेवलं, राखलं, ज्याच्यापायी झोप घालवली, ते तू केव्हाच टाकून दिलं होतंस. तुला लुटलं गेल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. कळलं असेल तरी तुला तेवढी फुरसत नव्हती.

तुझी बुद्धी, तुझी नजर, पपईचा देठ, या सगळ्यांचा मी हेवा केला, पण तो सहन होण्यासारखा होता. अशी माणसं असतात, म्हणता येतं. पण तू हे विसरू शकलास, हे मला सहन झालं नाही. तिथे तुझ्या बायकोसमोर, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर बसून मी तुझ्यावर जळलो. माझ्याकडे दुसरं काही सुचण्याची जागाच उरली नव्हती. ती सगळी त्या एका कूज्याने भरली होती.

निघताना पद्मावहिनी म्हणाल्या, "लिहा, नका लिहू. त्यांस आता काय. पण लिहाल तर पूर लिहा, सेतुमाधव. ते त्यांच्या आजोबांच नाव."

अर्जासोबत ड्रॉइंगची प्रत जोडायची होती. मी कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबराने जात नाही. दाढीच्या पात्याने हलक्या हाताने खरवडावी लागते, जास्त दाबलं तर कापडच जातं. माझी सही मी खरवडायला घेतली आणि मध्येच थांबलो. ड्रॉइंग खरोखर मीच काढलं होतं, मग ती सही का जावी? तीही जागची हलवली असती तर ते दुसरं खोटं झालं असतं. म्हणून अर्धवट खरवडलेली ती तशीच ठेवली, आणि त्या रकान्यांच्या वर, जिथे काही लिहायची पद्धत नाही, तिथे एक नवा रकाना आखला. कल्पना: सेतुमाधवराव. अमोनियाच्या वाफेतून प्रत निघाली तेव्हा माझ्या सहीवर एक डाग आलेला दिसला. जाणकाराला कळेल की इथे कुणीतरी काहीतरी पुसायला गेलं होतं. कळू दे.

मुदलाळींना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रत उजेडाकडे धरून तो डाग पाहिला. मग विचारलं, "इतकी वर्षं का नाही सांगितलं?" मी म्हणालो, जमलं नाही. त्यांनी अर्जावर शिक्का मारून दिला. त्यांचं माझ्याबद्दलचं मत आता काय आहे हे मला माहीत नाही. माझ्या मुलाला अजून सांगायचंय.

परवा नुंगंबाक्कमला गेलो. कचेरीत एक वयस्क गृहस्थ होते, कपाळावर विभूती, समोर कागदांचे गठ्ठे. त्यांनी अर्ज ओळीओळीने वाचला. कल्पकाच्या नावापुढे मी "हयात नाही" असं लिहिलं होतं, तिथे त्यांचं बोट थांबलं. मग त्याच्या वतीने सही कुणी केलीय, असं त्यांनी विचारलं. मी, म्हणालो. घरच्यांनी का नाही? मी सांगितलं की त्याच्या पत्नीची संमती आहे, पत्र जोडलंय. त्यांनी पत्र पाहिलं, आणि शेवटच्या पानावर राहिलेला एक रकाना दाखवला. सही करणाऱ्याचं मृताशी नातं. तो मी कोरा ठेवला होता.

"भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"वरिष्ठ?"

कागदावर होतो. पण ते मला त्या रकान्यात लिहवेना. दहा वर्षं रोज ज्याच्याशी बोललो, ज्याच्या मरणाच्या बातमीवर आधी चरफडलो, ज्याच्यावर आज सकाळीसुद्धा जळलो, आणि गिंडीला उतरल्यावर ज्याला सांगायला काहीतरी घेऊन जायची सवय अजून मोडत नाही, त्याला काय म्हणतात हे मला तमिळमध्ये येत नव्हतं. मराठीतही येत नव्हतं. मागे रांग होती. मी उभाच राहिलो, आणि डोळे भरून आले ते लपवताही आले नाहीत.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग अर्ज स्वतःकडे वळवला, पेनचं टोपण काढलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "फ्रेंडनु पोट्टुडट्टुमा, सार?" मित्र म्हणून घालून टाकू का.

मी हो म्हणालो. सेतू, आधी तुला विचारायला हवं होतं.